चपला काढायची जागा

आमच्याकडे सुट्टी म्हणजे नाशिक. कुवेतला आल्यापासून दुसरा अर्थ आम्हाला माहीतच नव्हता. वर्षातून एकदा बॅगा काट्यावर चढवायच्या, दुधाच्या पावडरीचे डबे नि अत्तराच्या बाटल्या कपड्यांत गुंडाळायच्या, आणि बंद फ्लॅट उघडून महिनाभर जाळी-जळमटं काढत पाहुण्यांना चहा पाजायचा. त्यामुळे गेल्या वर्षी फेब्रुवारीत नवरा कंपनीच्या बसमधून उतरून घरात आला आणि बूट सोडता सोडता म्हणाला, "या ईदला आपण ग्रीसला जाऊ. चार दिवस, एखाद्या बेटावर," तेव्हा माझे हात परातीतच राहिले.

मला पहिल्यांदा वाटलं, यांची नोकरी गेली. इथल्या बायकांचं डोकं असंच चालतं. नवरा एकाएकी उदार झाला की आधी त्याच्या नोकरीची शंका येते.

"नोकरी आहे ना?" मी विचारलं.

"आहे गं. पोरगी ऑगस्टला जाणार. एकदा तिघंच कुठेतरी जाऊ. जिथे कुणाची मावशी राहत नाही अशा ठिकाणी."

आम्हाला एकच मुलगी. ती इथलीच, म्हणजे जन्म फरवानियात आणि वाढली अब्बासियातल्या याच दोन खोल्यांत. बारावी झाली की शिकायला नेदरलँड्सला जायचं हे ठरून गेलं होतं. मी त्या विषयाला घरात फारसं फिरकू देत नव्हते. पण नवऱ्याच्या डोक्यात तोच विषय चालला होता हे त्या दिवशी कळलं, आणि मी मुकाट्याने कणीक मळायला लागले.

पुढच्या शुक्रवारी नाश्ता झाल्यावर आम्ही तिघं दिवाणखान्यात बसलो. नवरा पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये शटडाउनचं नियोजन करतो. प्लांट बंद ठेवायचा तर कुठल्या तासाला कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, हे तो आधी सहा महिने ठरवतो. ग्रीसच्या चार दिवसांचीही तीच गत होणार हे मी ओळखून होते. त्याने नियम सांगितला: प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, पण ती आयुष्यभर लक्षात राहील अशी. फोटोपुरती ठिकाणं बाद. तिथली माणसं जे करतात ते आपण करायचं.

"माझं ठरलंय," तो म्हणाला. "पहाटे कोळ्यांच्या बोटी येतात तिथे जायचं. मासळीचा लिलाव बघायचा, ताजा मासा घ्यायचा आणि तिथेच भाजून खायचा."

मीही तयारीत होते. मी मोबाइलवर पाहिलं होतं, बेटावरच्या बायका आपल्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना बोलावतात आणि द्राक्षाच्या पानात भात गुंडाळायला शिकवतात. परक्या बाईच्या ओट्याशी उभं राहून तिच्या हातचं शिकायचं, ही कल्पनाच मला फार आवडली होती. मी ते मोठ्या उत्साहाने सांगितलं.

मुलगी पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं, नाशिकला नेताना खराब नको म्हणून. ती जरा हलली की ते करकरायचं.

"आई, समोरच्या आंटी दर शुक्रवारी तेच करतात," ती म्हणाली.

"काय करतात?"

"ग्रेप लीव्हज. भात भरून. जिन्यात वास येतो ना? लहानपणी मला द्यायच्या. त्यांनी तुला कितीदा बोलावलं. यू नेव्हर वेंट."

समोर एक सीरियन कुटुंब राहतं. त्या बाईशी माझं सलामापलीकडे बोलणं नाही. भांडण नाही, काही नाही. आपण काय आज आहोत उद्या नाही, कशाला ओळखी वाढवायच्या, एवढंच. मला तोंडात मारल्यासारखं झालं. नवरा हसायला लागला, पण त्याचीही पाळी आलीच.

"आणि बाबा, फिश मार्केटमध्ये रोज ऑक्शन असतो. समुद्रावर. स्कूलने आम्हाला नेलं होतं. तुम्ही बकाल्यातून फ्रोझन सुरमई आणता."

कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हणजे बकाला. मला राग आला, आणि रागात मी नेहमी चुकीच्या ठिकाणी हात घालते. "तू तुझं सांग ना," मी म्हटलं. "आमचं काढण्यापेक्षा तुला ग्रीसमध्ये काय हवंय ते सांग."

"मला ग्रीस नको. मला हे बघायचंय. मी इथली टुरिस्ट होण्याच्या आधी."

मला अर्थच लागला नाही. तिने शांतपणे सांगितलं, जणू आम्हालाच ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होतो. तो तिला वडिलांच्या नोकरीमुळे मिळालेला. एकदा गेला की ती इथे येणार ती व्हिजिट व्हिसावर, पाहुणी म्हणून.

"मग काय झालं?" मी म्हटलं. "आपलं घर नाशिकला आहे की."

"ते तुमचं घर आहे, आई. मला तिथे बाथरूमचा दिवा कुठला तेसुद्धा दरवर्षी विचारावं लागतं."

इतकी वर्षं आम्ही दोघं हेच म्हणत आलो की दोन वर्षं अजून, मग परत. टीव्हीचं, मिक्सरचं, मायक्रोवेव्हचं खोकं आम्ही कपाटावर जपून ठेवलं होतं, जाताना लागेल म्हणून. टीव्ही मोडीत गेला तरी खोकं तिथेच. आणि आमच्या या मुक्कामाच्या जागी एक मूल चक्क राहत होतं, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. इकाम्याचा नियम मला पाठ होता. तो माझ्या मुलीला घराबाहेर काढणार आहे, हे मात्र मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी नवऱ्याने घसा साफ केला. "पण बेटावर जायचं म्हणत होतो आपण."

"बेट आहे ना," ती म्हणाली. "फैलका. तिथे ग्रीक राहायचे. खरंच. सिकंदराच्या नंतर."

नवऱ्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्याने मोबाइलमध्ये पाहिलं आणि आणखी एक धक्का पचवला. ज्या किनाऱ्यावर तो कधीमधी शेंगदाणे खात बसायचा, तिथूनच त्या बेटाला बोट जात होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आम्ही त्या बोटीत बसलो. आकाश स्वच्छ होतं. मागे सगळं शहर पाण्यावर उभं दिसत होतं, आणि मी ते समुद्रावरून कधी पाहिलंच नव्हतं. मुलगी कठड्याला टेकून तिकडे पाहत राहिली, पुढे बेट दिसायला लागलं तरी.

ग्रीकांचे अवशेष म्हणजे कुंपणाआडच्या कमरेइतक्या दगडी भिंती. "एवढंच?" नवरा म्हणाला. मग त्याने फलक वाचला. किल्ला होता, देऊळ होतं, शिपाई होते. "म्हणजे हेसुद्धा पोस्टिंगवरच आले होते," तो म्हणाला. "यांनीही दोन वर्षंच म्हटलं असेल." मला हसू आलं आणि लगेच आवरलंही.

तिथून आम्ही जुन्या वस्तीत गेलो. इराकने हल्ला केला तेव्हा बेटावरच्या लोकांना घरं सोडावी लागली, आणि नंतर राहायला असं फारसं कुणी आलं नाही. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा होत्या, खिडक्या नुसत्या चौकोनी भोकं. एका घराच्या पायरीवर पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक म्हातारे गृहस्थ थर्मास घेऊन बसले होते. त्यांनी हात वर करून आम्हाला चहा घ्यायला बोलावलं. मी सवयीने मान हलवून पुढे निघाले होते. मुलगी थांबली आणि त्यांच्याशी अरबीत बोलायला लागली.

शाळेत अरबी होतं, मार्क बरे पडायचे, एवढंच मला ठाऊक. ती हात हलवत, मध्येच हसत, भराभर बोलत होती. तिचा आवाजसुद्धा मला नवा वाटला. आमच्याशी मराठीत बोलताना ती शब्द शोधते, मग कंटाळून इंग्रजीवर जाते. इथे ती कुठेच अडत नव्हती.

त्यांनी तिला काहीतरी विचारलं. "मिन हनी," ती म्हणाली.

"काय विचारलं गं?"

"कुठली म्हणून."

"मग?"

"इथलीच म्हटलं."

म्हाताऱ्यांनी नुसती मान डोलावली आणि पेल्यांत चहा ओतला. ते चकित झाले नाहीत, हसले नाहीत, 'इथली कशी?' असंही विचारलं नाही. जे ऐकून माझा जीव वरखाली झाला, ते त्यांना साध्या गावाच्या नावासारखं वाटलं. चहात साखर इतकी की दात शिवशिवले.

घर त्यांचंच होतं. अधूनमधून ते सकाळच्या बोटीने येत, बसत, दुपारच्या बोटीने परत जात. चहा झाल्यावर ते उठले. चौकटीला दार नव्हतं, डोक्यावर छप्पर नव्हतं, आत गुडघ्याला लागेल इतकी वाळू साठली होती. उंबऱ्यापाशी त्यांनी चपला काढून एका बाजूला नीट ठेवल्या, मग आत पाऊल टाकलं आणि आम्हाला या म्हणाले.

मुलीने बूट काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवले आणि आत गेली. नवराही वाकून नाड्या सोडायला लागला.

"अहो, काचा असतील," मी म्हटलं.

"असू देत," तो म्हणाला.

मग मीही सँडल काढल्या. वाळू कोमट होती. म्हातारे दाखवत होते आणि मुलगी आम्हाला मराठीत सांगत होती: इथे चूल, इथे त्यांची आई झोपायची, इथून समुद्र दिसायचा. मध्येच त्यांनी बाही सारून घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मुलीने त्यांना काही विचारलं, त्यावर ते जरा वैतागूनच बोलले.

"मी विचारलं, इथे आल्यावर वाईट वाटतं का," ती म्हणाली. "ते म्हणाले, वाईट वाटायला वेळ कुठे आहे? बोट चुकेल याचीच काळजी."

स्वतःच्या घरात उभं राहून निघायची वेळ पाहणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आणि मला माझी मुलगी दिसली, आमच्या दिवाणखान्यात, मनगटाकडे पाहताना. मी तिचा दंड घट्ट धरला. तिला काय झालं ते कळलं नाही. "आई, दुखतंय," ती म्हणाली, तेव्हा मी सोडला.

त्या ईदला आम्ही ग्रीसला गेलो नाही. मासळीच्या लिलावाला गेलो. नवऱ्याने न कळता बोली लावली आणि टोपलीभर झुबैदी, म्हणजे इथला पापलेट, गळ्यात मारून घेतला. त्यातला निम्मा समोरच्या घरी द्यायच्या निमित्ताने मी ते दार वाजवलं. बाईने मला ओट्याशी उभं केलं. माझी पानं सुटत होती, ती पुन्हा गुंडाळून देत होती. मुलीने कपाटावरची खोकी खाली काढली आणि सोफ्याचं प्लास्टिक कात्रीने कापलं. मी तिला अडवलं नाही. खरं तर काळजाला घरं पडत होती, सोफा कोरा होता.

ऑगस्टला ती गेली. सहा महिने उलटले तेव्हा कुठून फोन आला नाही की काही नाही. इकाम्याची तारीख आली आणि गेली. मी त्या दिवशी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि मनसोक्त रडले.

या महिन्यात ती आली, व्हिजिट व्हिसावर, थोड्याच दिवसांसाठी. विमानतळावर जाण्याआधी मी घर आवरलं ते पाहुण्यांसाठी आवरतात तसं. नवे टॉवेल काढले. मग माझी मलाच भीती वाटली. ती आत आली आणि सोफ्याच्या कडेला बसून पाणी मागायला लागली, तर? घड्याळ पाहिलं, तर?

दार मी उघडलं. ती बॅग ओढत आत आली आणि चपलांच्या रॅकपाशी वाकली. खालच्या कप्प्यात, उजवीकडे, पूर्वी तिचे बूट असायचे. तिथे आता तिच्या बाबांचे प्लांटमधले जड बूट होते. तिने ते पायाने ढकलले, एक तर कलंडून पार जिन्यापर्यंत गेला.

"माझ्या जागेवर हे कोणी ठेवलं?" ती चिडून म्हणाली.

मी ठेवले होते. तसं सांगितलं. तिने आपले बूट तिथे कोंबले, मला ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि झाकणं उघडून पाहायला लागली. मी जिन्यातला बूट उचलायला गेले आणि तो हातात घेऊन तिथेच उभी राहिले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.