चेंजर ऐकायला आलेली मंडळी

दुकानात नोकरी केलेल्या माणसाच्या घरी दोन गोष्टी साठत जातात, उरलेल्या वायरी आणि किस्से. वायरी वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, त्यामुळे चार माणसं जमली की तेच बाहेर पडतात. माझ्याकडे तर पोतंभर आहेत, कारण मी पुण्यात सीडी प्लेयर विकलेत. विकलेत म्हणजे, बहुतेक वेळा नुसते दाखवलेत!

तेव्हा बाहेरच्या कंपन्यांचा माल नुकता सरळ दुकानात यायला लागला होता. लोकांच्या घरी कॅसेटी होत्या आणि डोक्यात सीडी. आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. माझ्या हट्टापायी त्यांनी मागचं गोडाऊन रिकामं करून तिथे ऐकायची खोली केली. जाजम, जाड पडदा, दोन वेताच्या खुर्च्या, रॅकवर एक स्वस्त आणि एक महागडा असे दोन साधे प्लेयर, आणि एक चेंजर. चेंजर म्हणजे एका वेळी तीन सीडी पोटात घेणारं मशीन. मधल्या किमतीचं, नोकरदाराला जरा ताण देऊन झेपेल असं.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मला बजावलं, "मेश्राम, दिवाळीपर्यंत या खोलीतून एक तरी चेंजर गेला पाहिजे. नाही गेला तर इथे वॉशिंग मशीन येतील आणि तुम्ही मिक्सरच्या काउंटरला."

मिक्सरचं काउंटर म्हणजे दिवसभर खोबऱ्याची चटणी वाटून दाखवायची! यवतमाळहून मी काय त्यासाठी आले होते? ती खोली मला जीव की प्राण होती.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक निवृत्त इंजिनिअर आले. हातात वही, वहीत पट्टीने आखलेले रकाने. "हा स्वस्त का?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "आणि हा महाग का?" तेही लिहून घेतलं. गुरुवारी परत आले. "मंगळवारी तुम्ही लेन्सबद्दल वेगळं सांगितलं होतंत," म्हणाले आणि वहीतलं पान माझ्यापुढे धरलं.

असे ते पाच वेळा आले. शेवटी मी धीर करून विचारलं, "काका, मग चेंजर पॅक करू?"

"छे हो, घ्यायचा नाहीच आहे. पण का घ्यायचा नाही, ते नीट कळायला नको का?"

*

मग सॉफ्टवेअर कंपनीतले दोन मित्र आले. त्यातला एक सहा महिने अमेरिकेत राहून आलेला, त्यामुळे त्याचे कान तयार झालेले. तो म्हणाला, "चेंजरमध्ये दम नसतो. साउंड फ्लॅट येतो. डोळे मिटून सांगतो मी."

मी म्हटलं, होऊन जाऊ द्या. रॅकपुढे पडदा ओढला. पडद्यामागे आमचा दिलीप, मांजरी गावचा, वायरी जोडण्यात पटाईत. एकच गाणं तीनदा लावायचं आणि दर वेळी मशीन बदलायचं, असं ठरलं.

पहिल्यांदा गाणं वाजलं. तयार कानवाला म्हणाला, "हा चेंजर. दबलेला आवाज." दुसऱ्यांदा वाजलं. "हा स्वस्तातला. बरा आहे." तिसऱ्यांदा तर त्याने मांडीवर थापच मारली. "वा! हा महागातला. बेस बघ!"

पडद्याआडून दिलीपचं डोकं बाहेर आलं. "साहेब, मी अजून काय बदललंच न्हाय. दुसऱ्या मशीनची वायर गावंना."

पण तयार कानवाला काही साधासुधा गडी नव्हता. म्हणाला, "करेक्ट! मशीन तापल्यावर सुधारतं, हेच तर मी सांगत होतो!"

त्याच्या मित्राने मुकाट्याने सगळ्यात स्वस्त प्लेयर घेतला. भाऊंनी बिल फाडलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "चेंजर राहिला."

*

मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते आले, तेव्हा माझ्या आशा फार वाढल्या. पैशांचा प्रश्नच नव्हता. मी सीडी हातात घेतली तर म्हणाले, "वाजवू नका ताई. वाजतं सगळंच." आणि त्यांनी एकेक मशीन दोन्ही हातांनी उचलून बघायला सुरुवात केली.

चेंजर उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एवढं मोठं खोकं आन् वजन न्हाय? आत काय हाय?"

दिलीपने स्क्रू काढून झाकण उघडलं. आत एक गोल थाळी, चार वायरी आणि बाकी सगळी हवा!

"अर्धं पोतं रिकामं हाय की हो!" आडत्यांनी निकाल दिला.

त्यांनी आमच्याकडून खरेदी मात्र केली. दुकानभर फिरून, सगळं उचलून बघून, स्टॅबिलायझर घेतला. जाताना खूश होते. "याला म्हनायचं माल!"

*

एका रविवारी अख्खं कुटुंब आलं. आजोबांनी अभंगाची सीडी आणली होती, मुलाने इंग्रजी, सुनेने गझलांची. मला वाटलं, हे गिऱ्हाईक तर देवानेच धाडलंय! तिन्ही सीडी चेंजरमध्ये घातल्या आणि उत्साहाच्या भरात आलटून-पालटून वाजवायचं बटण दाबलं.

अभंग सुरू झाला. आजोबांनी डोळे मिटले. तो संपतो न संपतो तोच ड्रम धाडधाड वाजले. त्यावर मुलाने मान हलवली न हलवली तोच सुनेने पुढचं बटण दाबून गझल आणली. मग मुलाने तिची गझल घालवली, आजोबांनी मुलाचं गाणं घालवलं. पाच मिनिटांत तिघेही माझ्या हातातल्या रिमोटसाठी भांडायला लागले.

शेवटी आजोबा उठले. "चला. कोणाचं काही पुरं होऊ न देणारं असलं एक मशीन आपल्या घरी आहेच, टीव्ही!"

*

भाऊंचंही एक सांगते. एका गिऱ्हाइकाने त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "खरं सांगा, तुमच्या स्वतःच्या घरी कुठला आहे?"

"रेडिओ," भाऊ म्हणाले.

"अहो, मग आम्ही का घ्यायचा?"

"मला निवांत रेडिओ ऐकता यावा म्हणून."

तेही गिऱ्हाईक गेलं!

*

दिवाळी आठवड्यावर आली. दिलीपने जाजमाची एक कड गुंडाळून ठेवली होती, आणि मिक्सरच्या काउंटरला माझ्या नावाचा एप्रन टांगलेला मी रोज बघत होते. खरं सांगते, रडू यायचं.

आमच्याकडे ठोसर म्हणून एक काका यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. चार महिने दर शनिवारी दहा वाजता हजर. रुमालात बांधलेल्या तीन सीडी सोडायच्या, चेंजरमध्ये घालायच्या, बारा वाजेपर्यंत ऐकायचं आणि जाताना म्हणायचं, "अजून ठरत नाही." त्या शनिवारी मी त्यांना सांगितलं की एकही चेंजर विकला गेला नाही म्हणून खोली बंद होतेय. त्यांनी रुमालाला गाठ मारली आणि ते गेले.

सोमवारी दुकान उघडतंय तोच एक बाई आल्या. नीटनेटकी सुती साडी, हातात मोठी पर्स. "मी मिसेस ठोसर. आमचे हे शनिवारी बसतात ते इथेच ना?"

आता भांडण होणार, असं वाटून दिलीप हळूच पडद्यामागे गेला.

"कुठलं मशीन ऐकतात ते?"

मी चेंजर दाखवला. काकूंनी त्याच्यावरून हलकेच हात फिरवला. "शनिवारपासून जेवण गोड लागत नाहीये हो त्यांना. दिवसभर नुसते माझ्यामागे स्वयंपाकघरात उभे असतात." मग पर्समधून चेकबुक काढलं. "हेच द्या."

मला इतकं भरून आलं! चाळीस वर्षांचा संसार आणि अजून एवढी माया! भाऊंनीसुद्धा चष्मा पुसला.

"एक विचारायचं होतं," सही करता करता काकू म्हणाल्या. "हे विकलं गेलं म्हणजे तुमची ती खोली आता बंद होणार नाही ना?"

"नाही नाही," भाऊ म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द." त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. "उद्या सकाळी माणूस पाठवून घरी जोडून देतो. पत्ता सांगा."

काकूंनी पर्सची चेन लावली.

"पत्ता तुमच्याच दुकानाचा घाला. मशीन या खोलीतून हलता कामा नये. शनिवारी तर ते येतीलच, बुधवारचंही काही जमतंय का बघा!"