महादेवरावांनी जोडलेली गिटार

जठारपेठेत महादेवराव गावंडे गणिताचे मास्तर म्हणून ओळखले जात, आणि कधीही न चुकणारे गृहस्थ म्हणूनही. ही दुसरी पदवी त्यांना कोणी दिली नव्हती, त्यांनीच घेतली होती. उत्तर बरोबर असलं तरी पायरी गाळली म्हणून ते पोरांचा अर्धा मार्क कापत. जमुनाबाईंनी नवऱ्याशी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. त्याला मास्तर संसारातलं एकमत म्हणत.

लेक दामिनीने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाव दिलं. तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. तयार गिटार आणायची म्हणजे दुसऱ्याच्या मोजमापावर विश्वास ठेवणं आलं, म्हणून मास्तरांनी सुट्या भागांचा खोका मागवला. सोबतच्या माहितीपत्रकातलं इंग्रजी त्यांनी आधी लाल पेनने दुरुस्त केलं. कोपऱ्यावर पंपांच्या जळालेल्या मोटारी बांधणारा गोवर्धन वायरींना सोल्डरचे टाके मारून देतो म्हणाला, तर त्याला ओहमचा नियम विचारून परत पाठवलं.

खरी मेख ब्रिजची होती. तारा खाली ज्यावर टेकतात ती ही धातूची बैठक दांड्याच्या वरच्या टोकापासून बरोबर चौसष्ट पूर्णांक आठ सेंटीमीटरवर बसायला हवी, नाहीतर सूर बिघडतात. मास्तरांनी शाळेतली लाकडी मीटरपट्टी काढली. टेबलावर आपटून आपटून तिचं टोक झिजलं होतं. अशा पट्टीने एकपासून मोजायचं आणि पुढे एक जास्त धरायचा, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्यांनीही एकपासून मोजलं, चौसष्ट पूर्णांक आठवर खूण केली आणि भोकं पाडून मोकळे झाले.

गिटार वाजली. पण बोटं दांड्यावर खाली सरकली की सूर हवा त्याहून चढा लागे. दामिनीने तसं सांगितलं.

"तुहा कान कच्चा हाय," मास्तर म्हणाले. "गणित चुकत नसते."

पोरीने ते खरं मानलं. बाप कधी चुकत नाही हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. कॉलेजातून आली की ती तेच सूर पुन्हा पुन्हा छेडी आणि डोळे पुसून परत छेडी.

मंगळवारी घरात कोणी नसताना मास्तरांनी लोखंडी टेप लावून पाहिला. त्रेसष्ट पूर्णांक आठ भरलं. त्यांनी टेप गुंडाळून ठेवला आणि संध्याकाळी तिला रियाज वाढवायला सांगितला. चूक कबूल न करता दुरुस्त कशी करावी, एवढं एकच गणित त्यांना सुटत नव्हतं.

शुक्रवारी दामिनी चप्पल घालून निघाली. नाव मागे घेऊन येते म्हणाली. जमुनाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. आता गप्प बसलो तर ही पोर पुन्हा कधी तारेला हात लावणार नाही, हे मास्तरांना कळलं.

"थांब," ते म्हणाले. "तुहा कान बराबर हाय. ब्रिज म्या चुकीच्या जाग्यावर लावला."

दामिनी उंबऱ्यात थांबली. "हे तुमाले कई समजलं?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "मंगयवारी."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. मग ती आत आली, गिटार उचलली, गोवर्धनच्या दुकानाकडे निघाली. मास्तर पायात चप्पल सरकवू लागले.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली. "अन् उद्या गॅदरिंगलेही येऊ नका."