हनीफचा लांबलेला शुक्रवार

हनीफ गेल्याची बातमी सगळ्यांना फोनवर कळली. मला फोन करायची कुणाला गरज पडली नाही, कारण तो गेला तेव्हा त्याच्या खाटेला गुडघा लावून मीच बसलो होतो. आणि खरी अडचण तिथेच आहे. जाताना तो शेवटचं काय बोलला हे पाहणारा साक्षीदार एकच, आणि तो कोण, तर मी. आमच्या गल्लीत माझी ख्याती अशी, की मी ‘पाऊस आला’ म्हटलं तर लोक आधी हात बाहेर काढून बघतात. हे लिहायला बसलो तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून बजावलं, “आज तरी पाणी घालू नका.” नाही घालणार. निदान शेवटाकडे तरी नाही.

आमची नि हनीफची भिंत एक. पलीकडे त्याचा कारखाना, म्हणजे खाली कापड विणायचे लूम आणि वर राहतं घर, अलीकडे आम्ही. त्या लूमचा खडखडाट आमच्याकडे घरच्यासारखा राहायचा. फडताळातला साखरेचा डबा सोमवारी डाव्या टोकाला ठेवला, की हादऱ्यांनी चालत चालत गुरुवारी उजव्या टोकाला पोचायचा, आणि शुक्रवारी कारखाने बंद म्हणून तिथेच मुक्काम करायचा. आमच्या गल्लीतली कुत्री तर भुंकतच नाहीत. ऐकणार कोण? नुसतं तोंड उघडून दाखवतात, चोराला काय ते समजतं.

आता पुढचं मात्र बिनपाण्याचं आहे. लूमवर आयुष्य काढलेली माणसं ओठ वाचतात. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कुणी ओरडतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याला कळतं. हनीफ तर या कलेतला बादशहा. टीव्हीचा आवाज बंद करून पुढाऱ्यांची भाषणं बघायचा आणि म्हणायचा, “आवाजाची गरज काय? सगळे एकच बोलतात.” जुबेदाभाभी, म्हणजे त्याची बायको, लग्न होऊन आल्या तशा खाली बसून कांड्या भरायला लागल्या, धोट्यात घालायचा दोरा गुंडाळून द्यायचं काम ते. त्यामुळे त्या दोघांचं पहिलं भांडण गल्लीत कुणी ऐकलं नाही, सगळ्यांनी पाहिलं. येता-जाता मीही ही विद्या शिकलो. तिची एक गंमत आहे. ओठांवर फार मावत नाही. ‘दोरा तुटला.’ ‘थांब.’ ‘चहा?’ एवढंच. विशेषण तिथे बसत नाही, उपमा तर घसरूनच पडते. हनीफ म्हणायचा, “मास्तर, कारखान्यात तू एकदम सच्चा माणूस. दाराबाहेर पाऊल टाकलंस की बिघडतोस.”

म्हणून आमच्या मोठ्या गप्पा शुक्रवारच्या. तो नमाज पढून यायचा, मी जेवून जायचो. लूम सगळे गप्प. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप खाली उतरायची आणि तिच्यात कापसाची लव तरंगत राहायची... वर नाही, खाली नाही, कुठे जायची घाई नाही. ती बघत बघत आमचा विषय हटकून एकाच ठिकाणी पोचायचा: मेल्यावर काय होत असेल?

“तुमचं बरं हाय मास्तर,” तो म्हणायचा. “तुम्हाला परत यायला मिळतं.”

“मिळतं, पण काय होऊन ते आपल्या हातात नाही. मी कबूतर होऊन तुझ्याच पत्र्यावर बसलो तर?”

“तर दाणे टाकीन. गोष्टी सांगायला लागलास तर हाकलीन.”

“आणि तुमच्यात?”

“आमच्यात थांबायचं. कयामतपर्यंत.”

“म्हणजे किती वेळ?”

“हायवेवर वडप्याच्या ट्रॅफिकमध्ये बसलेला माणूस किती वेळ म्हणून विचारत न्हाय. बसतो.”

पण एका शुक्रवारी तो तिरिपेकडे बघत हळूच म्हणाला, “खरं काय ते अल्लाला ठाऊक. पण मला काय वाटतं सांगू? आपल्याकडं लाईट गेली की काय होतं?”

काय होतं ते भिवंडीत पोरालाही विचारावं लागत नाही. इतर गावांत आवाजाने जाग येते, आमच्याकडे आवाज थांबला की येते. लूम चालू असताना तान्हं मूलसुद्धा ढाराढूर झोपतं. वीज गेली, खडखडाट थांबला, की अख्खी गल्ली खाडकन डोळे उघडते. लोक उकाड्याने गच्चीवर येतात. या गच्चीवरून त्या गच्चीवर विचारणं सुरू होतं, “लाईट गेली काय? तुमच्याकडंपण?” पलीकडच्या गल्लीची लाइन वेगळी असली, तर तिकडून ऐटीत उत्तर येतं, “न्हाय, इकडं चालू हाय.”

“तसंच आसंल,” हनीफ म्हणाला. “सगळ्यांना वाटतं मेल्यावर झोप लागते. मला वाटतं जाग येते. छातीतला लूम थांबला, की माणूस दचकून उठत आसंल. गच्चीवर जात आसंल. तिथं सगळे आधीच उभे. माझा बाप, तुझी आई, समोरचा हकीम. अंधारात तोंड न्हाय दिसत, पण वारा चांगला हाय. नि सगळे एकमेकांना विचारतात, तुमचीपण गेली काय?”

मी आयुष्यात पुष्कळ थापा रचल्या. इतकी सुंदर एकही जमली नाही. त्या शुक्रवारी मी घरी जाऊन जिन्यातच बसून राहिलो, बायकोला वाटलं भाजी आवडली नाही.

मग हनीफची छाती कापसाने भरत गेली. तो म्हणायचा, “एवढा कापूस आत गेलाय, आता गादीच करा माझी.” डॉक्टरांनी आराम सांगितला. त्याचा मुलगा इम्रान दापोड्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, गुणी पोरगा. त्याने बापावरच्या मायेने जे करायला नको नेमकं तेच केलं. आराम म्हणजे शांतता, असं धरून त्याने सगळे लूम बंद करवले. आमच्या गल्लीत जन्मलेल्या पोराने. आठवडाभर कारखाना गप्प, आणि आठवडाभर हनीफचा डोळ्याला डोळा नाही. मी गेलो की विचारायचा, “आज शुक्रवार काय रे?”

“मंगळवार.”

“मग लूम का बंद?” थोड्या वेळाने पुन्हा, “मास्तर, हा शुक्रवार संपत का न्हाय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ते बघवेना. इम्रानला म्हटलं, “बाबा, एक तरी चालू कर. जिन्याजवळचा.” तो म्हणाला, “चाचा, अब्बा को तकलीफ होगी.” मी म्हटलं, “तकलीफ आता होतेय.” तो खाली गेला, आणि जिन्याजवळचा लूम सुरू झाला. खाट हलकीशी थरथरायला लागली. हनीफच्या कपाळावरच्या आठ्या, कुणी इस्त्री फिरवावी तशा गेल्या. सकाळी त्याने मुलाबरोबर कलमा पढला होता. आता तो झोपला. भाभींनी आठवड्यात पहिल्यांदा त्याला झोपलेलं पाहिलं, आणि उठल्यावर हवी म्हणून पेज करायला गेल्या. इम्रान खालीच लूमपाशी होता.

मी एकटा. खिडकीतून ऊन, उन्हात तीच लव. खालून खडखडाट. मलाही डुलकी येत होती. तेवढ्यात हनीफने डोळे उघडले. दचकून, पण घाबरून नाही. गच्चीवर निघालेला माणूस उघडतो तसे. वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचे ओठ हलले. स्पष्ट. “लाईट गेली काय?”

लूम खाली धडाधडा चालू होता. मी ‘नाही रे’ म्हणायला तोंड उघडलं... आणि ऐकणारा, बघणारा, कुणी तिथे नव्हता.

चाळिसेक वर्षांच्या संसारात भाभी नवऱ्यापासून एका भांड्याएवढ्या पेजेपुरत्या लांब गेल्या, आणि नेमक्या तेव्हाच. माती देऊन आल्यावर त्यांनी इम्रानकरवी मला बोलावलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. “मास्तर, ते घाबरले होते काय? काय म्हणाले?”

माझ्या तोंडात हारीने उत्तरं तयार होती. ‘तुमचं नाव घेतलं.’ ‘हसले.’ ‘सगळ्यांना सलाम सांगितला.’ कोणतंही शोभलं असतं, आणि त्यांना झोप लागली असती. पण मी खरं ते सांगितलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, थकवा होता. “ही तर तुमच्या शुक्रवारची गोष्ट. मला ठाऊक हाय ती. आज तरी नको होती, मास्तर.” इम्रानने मला दारापर्यंत सोडलं आणि खाली बघत म्हणाला, “चाचा, अम्मी को तो सच बोलना था.”

आयुष्यभर माझं खोटं लोकांनी चवीने खाल्लं. खरं वाढलं, तर ताट परत आलं.

पुढचे आठवडे कारखाना बंदच राहिला. इम्रानने भंगारवाल्याशी बोलणी केली; जागेत सामान ठेवायला भाडेकरू तयार होता. त्याचंही चूक नाही, लूम आता कुणाला परवडतात? पण भाभी झोपत नव्हत्या. माझी बायको रोज जाऊन यायची आणि म्हणायची, “जागी बसलेली असते. एकच विचारते, ते घाबरले असतील का.” आमच्या फडताळातला डबा तेवढे दिवस जागचा हलला नाही.

मग गेल्या बुधवारी दुपारी भाभींनी पुन्हा बोलावलं. नवरा गेल्यानंतरची इद्दत चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत. पण कारखाना घरातच. इम्रानचा हात धरून, डोक्यावरून ओढणी घेऊन जिना उतरून आल्या आणि कांड्या भरायच्या आपल्या जुन्या बाकड्यावर बसल्या. मला समोर उभं केलं, आणि इम्रानला म्हणाल्या, “जिन्याजवळचा चालू कर.”

“अम्मी, आता कशाला?”

“मास्तरांच्या आवाजावर माझा भरवसा न्हाय. ओठांवर हाय. लूम चालू असताना हा माणूस कधी खोटं बोललेला न्हाय, तुझे अब्बा सांगायचे.”

इम्रानने स्विच दाबला. धोटा धावायला लागला, बाकडं थरथरलं, झरोक्यातली लव हलली. त्या आवाजात बाकीचं सगळं विरघळून गेलं, मीसुद्धा. भाभींनी ओठ हलवले, “काय म्हणाले?”

मी हनीफने उघडले तसे डोळे उघडले. वर बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि त्याचे शब्द त्याच्या चालीने ओठांवर ठेवले, एकही जास्त नाही. “लाईट गेली काय?”

भाभी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. किती वेळ ते सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला पाणी वाटेल. मग त्यांचा चेहरा सैल झाला, हनीफचा त्या दुपारी झाला होता तसा. इम्रान लूम बंद करायला वळला. त्यांनी त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबवलं. तो लूम अजून चालू आहे. बाकीचे गेले, तो जिन्याजवळचा राहिला, आणि आमचा डबा परत चालायला लागलाय.

पण ते नंतरचं. तेव्हा भाभींनी मान वर केली, छताच्याही पलीकडे, जिथे गच्ची आहे तिकडे, आणि मी त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर त्यांनी सावकाश, एकेक अक्षर दिसेल असं, ओठांनी दिलं.

“न्हाय. इकडं चालू हाय.”