मॅडम घरी सांगतात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, तेही चाचरतच — कारण तुम्ही पुढे कुणाला सांगाल, ही शंका आत्ताही आहे. माझा स्वभावच तसा. दोघं कुजबुजताना दिसले की माझ्याबद्दलच बोलत असणार, असं मला वाटतं.

पालघरच्या कॉलेजात होते तेव्हा परीक्षा जवळ आली की माझे हात गार पडायचे, वाचलेलं काही डोक्यात शिरायचं नाही. कॉलेजात समुपदेशनाच्या एक मॅडम होत्या. त्यांची खोली जिन्याखाली, चपला बाहेर काढून आत जायचं. मी जायला लागले — आणि मग कळलं की मॅडमचं सासर आमच्याच गावचं. आमच्या किनाऱ्याच्या वाड्यांमध्ये एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरात ऐकू जातं. ही बाई गप्प बसेल? कशावरून?

म्हणून मी सापळा लावला. त्यांना एक धडधडीत खोटं सांगितलं — तारापूरच्या कंपनीतल्या एका मुलाशी माझं जमलंय. वाडीत हे पोचलं असतं तर आईने झिंज्या धरून मला घरी नेलं असतं. मी वाट पाहत राहिले. आईचे फोन यायचे, ती पानवेलींचं बोलायची, शेजारणींच्या भांडणांचं बोलायची. त्या मुलाबद्दल अवाक्षर नाही. मॅडम पक्क्या होत्या. हे मला अगदी खात्रीने माहीत होतं — एवढं लक्षात ठेवा.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत कल्पना होती, मासवणकडच्या डोंगरपाड्यावरची. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. आईबाप पावसानंतर वीटभट्टीवर जायचे. तीही माझ्यासारखीच — पुस्तक उघडून नुसती बसायची, जेवण टाकायची. एक दिवस तिने त्या दाराबाहेर माझ्या चपला ओळखल्या. खोलीवर येऊन हळूच म्हणाली, "तू जाते त्या मॅडमकडे? मला पण जायचं हाय. पण घरी तर नाय ना सांगत? बाबाला कळलं तर शिकणं बंद करील."

मला काय वाटलं असेल? तिची कीव? छे. मला वाटलं, हिने पाहिलं — आता ही वर्गात सांगणार, सगळे मला वेडी म्हणणार.

"मी दाखल्याच्या कामाला गेले होते," मी म्हटलं. "आणि तू जाऊ नकोस. मॅडम सगळं घरी सांगतात."

ती गेली नाही. मी मात्र जात राहिले — चपला पिशवीत घालून. मी पास झाले. कल्पना पेपरच्या दिवशी खाटेवरून उठलीच नाही, आणि सुट्टीत गेली ती परत आली नाही.

मध्यंतरी बोईसरला दिसली. कंपनीची शिफ्ट सुटली होती, हातात डबा. मी तोंड चुकवून पुढे जाणार, तर तिनेच हाक मारली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाली, "तू तेव्हा सांगितलं ते बरं केलंस. नायतर मी गेली असती, नि घरी सगळं कळलं असतं. तेवढी तूच माझी होतीस."

हिला सगळं कळलंय, टोमणा मारतेय — असं मला वाटलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. टोमणा नव्हता. ती खरंच आभार मानत होती.

मी म्हटलं, "अगं, त्यात काय."