जैनुद्दीनभाईंचा क्रीम रंग

केसांना लावलेला कलप पुरता वाळायच्या आत मी जावयाच्या नव्या गाडीत बसलो आणि नेवाशापर्यंत मान टाकून घोरलो. उतरलो तेव्हा सीटचा डोक्यामागचा क्रीम काठ माझ्या केसांपेक्षा काळा झाला होता. सासऱ्याला बोलायचं कसं म्हणून हर्षल गप्प राहिला. फक्त परतताना त्यानं माझ्या डोक्यामागं वर्तमानपत्र लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी जैनुद्दीनभाईंकडे गेलो. सीटच्या रंगाचं काही काम निघालं की सावेडीतले लोक त्यांचंच नाव सांगत. म्हणजे, पूर्वी सांगत. जुन्या काठाकडे एकदा बघायचं, वाटीत पांढरा ओतायचा, पिवळ्याचे चार थेंब, काडीच्या टोकावर तपकिरी, बस. जुना रंग कुठं संपला हे मालकालाही सापडत नसे. एका डॉक्टरीणबाईंनी साडीच्या काठाचा रंग सीटला मागितला, तेव्हा तो हुबेहूब देऊन वर, "साडी धुताना जपा बाई, सीटचा उतरायचा न्हाई," असं सुनावणारा हा माणूस.

आता दुकानात स्कूटरच्या दोन काळ्या सीटा पडल्या होत्या.

"ऑनलाइननं मारलं, मास्तर," भाई म्हणाले. "लोक घरबसल्या कव्हर मागवत्यात. ह्यो डाग कशाचा?"

"ऑइलचा."

त्यांनी वास घेतला. "ऑइलला मेंदी कधीपासून घालाया लागले? हे निघायचं न्हाई. सगळा काठ रंगवावा लागंल."

वाटी नाकाजवळ धरून, उजेडाकडे कलती करून ते बराच वेळ रंग कालवत राहिले. पिवळ्याचे चार थेंब झाले, मग अजून पाच, मग मी मोजायचं सोडलं. दोन तासांनी काठ असा दिसू लागला, की सीटला कावीळच झाली असावी.

"कसा आलाय?" त्यांनी विचारलं. पाटी दाखवायला आलेल्या पोरासारखा चेहरा. तीस वर्षं नापासांच्या वहीतही 'छान' लिहीत आलेला मी म्हणालो, "छान. अगदी कंपनीचा."

तेवढ्यात हर्षल गाडी न्यायला आला. "मामा, क्रीम करायचा होता ना? हा तर हळदीसारखा पिवळा झालाय."

भाईंनी खिळ्यावरचं फडकं काढलं आणि काठावर ठेवलं. माझ्याकडे न बघता हर्षलला विचारलं, "ह्ये फडकं कसलं हाय?"

"पांढरं."

"आन काठ?"

"पिवळा. का, तुम्हाला सारखेच दिसतात?"

भाई कितीतरी वेळ फडकं उचलून परत ठेवत राहिले.

"मोतीबिंदू असेल चाचा," हर्षल म्हणाला. "ऑपरेशन करून घ्या, दिसेल."

"दिसंल की. गेलेलं गिऱ्हाईक येनार हाय का?" त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "दोन सालं झाली. डॉक्टरीणबाई गेल्या, टेम्पोवाला छगन गेला, सगळे छान छान म्हनत गेले. एकबी माघारी आला न्हाई. मी आपला ऑनलाइनला शिव्या घालतुया."

मला ते सोसेना, म्हणून मी म्हणालो, "कमाल आहे भाई. इतक्या लोकांतल्या एकालाही तुम्हाला खरं सांगावंसं वाटू नये?"

"तुमी सांगितलं का?"