पाण्याच्या पाळीची तारीख

तापीकाठच्या आमच्या गावात हिवाळ्यातली दुपार फार हळू सरते. केळीच्या पानांतून आलेलं ऊन ओट्यावर हलत राहतं, नदीवरच्या मोटारींची घरघर कानात भरते आणि लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या मला पेंग येते. ते दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखेच आठवतात. आबांना, माझ्या वडिलांना, तर एव्हाना सगळं जगच तसं दिसू लागलं होतं. केळीचं पान म्हणजे हिरवा ढग, आणि मी ओढणीच्या रंगाचा.

गावच्या पाणीसंस्थेनं पाण्याच्या पाळीची नोंद मोबाइलवर आणायचं ठरवलं आणि ते वेबपान करायचं काम माझ्याकडे आलं. नाव, गट नंबर, पीक, तारीख, एवढंच. तारखेसाठी दोन वाटा होत्या. एक, ब्राउझरसोबत आपसूक येणारा साधा रकाना. तो प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो, त्याचं रूप आपल्या हाती नसतं. दुसरी, बाहेरच्या कुणी बनवून ठेवलेलं तयार कॅलेंडर. ते फार देखणं होतं. बोट फिरवलं की महिना पाण्यावरून वाहत आल्यासारखा यायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, मीही बाहेरचंच घेतलं. खरं सांगते, तासभर नुसते महिने सरकवत बसले होते.

आबांचा फोन, बोट ठेवलं की तिथलं वाचून दाखवतो. तो शाळेतल्या मराठीत बोलतो म्हणून आबा त्या आवाजाला मास्तरीण म्हणतात. पान तयार झाल्यावर पहिली नोंद त्यांचीच करायची ठरली. नाव, गट नंबर, पीक, सगळं त्यांनी ऐकत ऐकत भरलं. तारखेवर मात्र मास्तरीण अडखळली. "सात" म्हणाली, मग "एकवीस". महिना कोणता, वार कोणता, काहीच सांगेना. आबांचं बोट काचेवर चाचपडत राहिलं.

"द्या, मी भरते," मी म्हणाले.

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे, बेटा. वावर तुन्हा काकाले वाटाले दी टाकसू. दुसराना डोयाघाई शेती व्हस नही."

दुसऱ्याच्या डोळ्यांनी शेती होत नाही, हे ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. काका कधीपासून शेत वाट्यानं कसायला मागत होते, आणि पानाला हात लावून केळीला पाणी हवं की नको ते सांगणारे आबा त्यांना होकार द्यायला निघाले होते. कशामुळे, तर माझ्या सुंदर कॅलेंडरमुळे! मला स्वतःची लाज वाटली.

दोन दिवस मी त्या कॅलेंडरला बोलतं करायचा खटाटोप केला. एक शब्द बोलू लागलं की दुसरा गिळायचं. शिवाय नेटवर्क मंद असलं की ते उघडतानाच धापा टाकायचं. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तिसऱ्या दुपारी मी ते काढून टाकलं आणि साधा रकाना लावला. पान अगदी ओकंबोकं दिसू लागलं. जीव हळहळला, नाही असं नाही.

आबांनी पुन्हा फोन हातात घेतला. यावेळी फोनचीच नेहमीची तारखांची खिडकी उघडली आणि मास्तरीण एकेक दिवस सांगू लागली, सोमवार, मंगळवार, पुढे महिना, वर्ष. त्या सावकाश आवाजानं माझे डोळे मिटत होते. मध्येच ती म्हणाली, "नोंद झाली." मी खडबडून उठून पाहिलं, आबा गालात हसत होते.

संध्याकाळी काका वाट्याचं पक्कं करायला आले. आबांनी त्यांना खाटेवर बसवलं.

"चा पी ले, भाऊ. वावर वाटाले देवानं नही शे. बुधवारले मन्ही पाळी शे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पाळी कोनी भरी?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मी."