समुद्रातली विहीर आणि गावाची शीव

माझे मालक समुद्रात तेलासाठी विहिरी पाडायच्या कामावर होते. खाली तेल आहे की नाही हेच आधी पाहायचं असे, म्हणून दर वेळी नवी जागा, नवी विहीर. चौदा दिवस मुंबईपलीकडे पाण्यावर, चौदा दिवस हुडकेश्वरला घरी.

सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. नोकरी लागली तेव्हा यांनी त्यांना समजावलं, "आपल्या वावरातल्या विहिरीसारखीच, आई. फक्त पाण्यात." सासूबाईंच्या माहेरी चाल होती की माणूस विहीर खोदायला खाली उतरला, की तो वर येईपर्यंत त्याच्या बायकोने गावाची शीव ओलांडायची नाही. ती चाल मला लागू झाली. हे तिकडे असले की मी विहिरीला बांधलेली, इकडे असले की यांच्या जेवणाखाण्याला. सात वर्षांत मी रामटेकला माहेरी दोनदा गेले. तेही यांच्यासोबत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

खरं तर हे खाली उतरतच नव्हते. लोखंडी माचावर उभं राहून काम, भोक यंत्र पाडायचं. लग्न झालं तेव्हाच यांनी मला पाटीवर चित्र काढून दाखवलं होतं.

"मंग आईले सांगा ना," मी म्हणायचे.

"राहू दे वं. तू घरी असली की तिले धीर राहते." आणि कूस बदलून झोपायचे.

सासूबाईंपुढे तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती.

एकदा चौदा दिवस झाले तरी हे आले नाहीत. कार्ड आलं. मी वाचून दाखवलं: पाइप अडकला आहे, येणं लांबलं.

"कोण अडकला?" सासूबाई ओरडल्या.

"पाइप, आई. ते बरे आहेत."

पण त्या दिवसापासून त्या मला दळणालाही जाऊ देईनात.

आठ दिवसांनी माझा भाऊ आला. आईला लकवा झाला होता, वाचा गेली होती. दुपारची एसटी धरायची होती.

"माहा पोरगा वर आल्याबिगर इले कशी पाठवू गा?"

"मावशी, तवरी आमची आई थांबन काय?"

मी चुलीपाशी होते. तिथूनच बोलले, "ते उतरतच नाही."

"काय म्हणते?"

"कोणीच उतरत नाही, आई. भोक वीतभर रुंद असते. माणूस मावत नाही त्याच्यात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुले कधीपासून माहीत?"

"लग्नापासून."

"सात वर्षं? अन् मी माह्या बहिणीच्या मयतीले नाही गेली. पोरगा खाली आहे म्हणून."

त्या स्वतःही ती चाल पाळत होत्या, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना कुठे जायला आवडतच नाही.

"बोलली काहून नाही वं? जीभ नव्हती तोंडात?"

त्यांनीच खुंटीवरची पिशवी काढली, माझं लुगडं त्यात कोंबलं आणि भावाच्या हातात दिली. "ने इले. गाडी चुकन."

रामटेकला पोचलो तेव्हा आई जागी होती. उजवा हात गेला होता. डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं. जेवायला बसले तरी सोडेना. मी तशीच जेवले.